तालमीला बसण्याआधी या चुका टाळा

गोव्यात जत्रेचं नाटक ठरलं की नारळ फुटतो, दुसऱ्या दिवशी भूमिका वाटल्या जातात. आणि पैशांचं? "मागीर पळोवया," म्हणजे नंतर बघू. मी ऑर्गन वाजवतो, पदं बसवून देतो, या 'मागीर'शी माझी पंचवीस वर्षांची ओळख आहे.

सगळ्यांत महाग चूक म्हणजे 'निम्मे-निम्मे'. कशाचे निम्मे, हे कोणी विचारत नाही. फोंड्याकडच्या एका मंडळाशी मी तसंच ठरवलं. नव्या पदांच्या चाली माझ्या, दोन महिने तालमी माझ्या. कपडे त्यांचे. बाहेरगावचा पहिला प्रयोग 40,000 रुपयांना गेला. मी मनातल्या मनात वीस धरले. सेक्रेटरीने वही उघडली: साउंड-लाइट 15,000, नेपथ्य 8,000, रंगभूषा 4,000, टेम्पो 4,000, तबलजी 3,000, जेवण 3,000. माझ्या हातात 1,500. वहीत एक पैसा खोटा नव्हता, तेच जास्त झोंबलं. 'खर्च वजा जाता' एवढं विचारायला मीच लाजलो होतो.

पुढचे प्रयोग त्यांनी माझ्याकडेच शिकलेल्या पोराला पेटीवर बसवून केले. पत्रकात माझं नाव नाही. विचारलं तर, "चाली आता मंडळाच्या झाल्या." अशा होत नाहीत. नोकरीत असताना केलेली नसेल तर चाल ज्याने बांधली त्याची. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर तो 5 वर्षांपुरताच धरतात. पण हे मी तेव्हा वाचलं असतं तर ना!

आता मी पहिल्या तालमीला पाठकोरा कागद घेऊन जातो. तालमीचं मानधन वेगळं, प्रयोगातला वाटा वेगळा, खर्च कोणता धरायचा, पत्रकात नाव कुठे. खाली दोघांच्या सह्या. तोंड वाकडं करणाऱ्याकडे मी पेटी उघडतच नाही.

"आवाज आमचा आहे, भागीदार कशाला?" असं म्हणणारे गायक नट भेटतात, आणि लगेच मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचं नाव घेतात. अरे, 1918 साली बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली तेव्हा दीनानाथांबरोबर चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे होते. तुझा गळा त्यांच्यापेक्षा मोठा आहे का?

नवशिक्यांचं वेगळंच. "सर, रेकॉर्डिंग पाठवा, घरी बसवतो." एकाला पाठवलं. चौथ्या दिवशी पोरगा पद म्हणायला उभा राहिला, अंतऱ्यात मध्येच थांबला, पुन्हा उचललं. तिथे मी खोकलो होतो! शिवाय स्वतःची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी एक, नि गात होता माझ्या काळी तीनमध्ये, शिरा ताणून. तेव्हापासून तालमीत मोबाइल चपलांशेजारी. पट्टी पहिल्या दिवशी वहीच्या कव्हरवर लिहायची, मगच शब्द.

पण म्हणून हातचं राखून शिकवू नका. जागा, म्हणजे पदातली सुरांची हरकत, अर्धीच शिकवलेला गायक प्रयोगात तुमचंच नाव घालवतो.

ओळखीच्या तबलजीला "घरचाच आहेस" म्हणू नका. स्पर्धेचं बक्षीस कोणाचं, ते निकालाआधी ठरवा. आणि तालमीच्या चहाचे पैसे कोणी द्यायचे तेही कागदावर घ्या. आमच्याकडे त्यावरून एक भीम दोन दिवस रुसून घरी बसला होता, आणि गदाही त्याच्याच घरी होती.