ट्रॅफिकचं तिकीट मिळालं म्हणून लगेच पैसे भरून मोकळे होऊ नका (न्यू जर्सीत नवीन आलेल्यांसाठी)

दर उन्हाळ्यात एडिसन, पार्सिपनी, प्लेन्सबोरोकडे नवीन मंडळी येतात, गाडी घेतात आणि दोन-चार महिन्यांत कोणाचा तरी फोन येतोच की दादा स्पीडिंगचं तिकीट मिळालं, काय करू. आणि निम्म्या वेळा फोन येईपर्यंत माणसाने एनजेएमसी डायरेक्टच्या (कोर्टाचा दंड ऑनलाइन भरायच्या) साइटवर जाऊन क्रेडिट कार्डने पैसे भरूनही टाकलेले असतात, बायकोला कळायच्या आत विषय संपवायचा म्हणून. आता त्यात काय मेख आहे ते सांगतो, कारण तिथे पैसे भरणं म्हणजे नुसता दंड भरणं नाही, गुन्हा कबूल करणं आहे. तुम्ही पे केलं की कोर्टाच्या लेखी तुम्ही गिल्टी, आणि पॉइंट, म्हणजे चुकीचे दंडगुण, आपोआप मोटर व्हेइकल कमिशनच्या (लायसन्स देणाऱ्या खात्याच्या) रेकॉर्डवर जाऊन बसतात. मग कितीही फोन करा, ते परत फिरवणं महाकठीण.

पॉइंटचा हिशोब असा आहे. लिमिटच्या वर १ ते १४ मैल असाल तर २ पॉइंट, १५ ते २९ मैल असाल तर ४, आणि ३० किंवा त्याहून जास्त असाल तर ५. रेड लाइट तोडला तर २, केअरलेस ड्रायव्हिंगला २, पुढच्या गाडीला चिकटून चालवली तर चक्क ५ (हे ऐकून सगळेच चमकतात). तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की सरचार्ज (दंडाशिवायचा जादा आकार) सुरू होतो, सहाला १५० डॉलर आणि वरच्या प्रत्येक पॉइंटला २५, आणि हा एकदाच नाही हां, दरवर्षी, मागच्या तीन वर्षांतले पॉइंट सहा किंवा जास्त असतील तोवर. म्हणजे एक २० मैल वरचं स्पीडिंग आणि एक रेड लाइट, झाले सहा, वर्षाला दीडशे डॉलरला टोपी. १२ झाले की लायसन्स सस्पेंड. आणि इन्शुरन्सवाले जे प्रीमियम वाढवतात ते ह्याच्या वर वेगळं, खरा फटका तिथेच बसतो, कारण नवीन आलेल्याचा इथला ड्रायव्हिंगचा इतिहास तसाही कोरा असतो आणि प्रीमियम आधीच टाईट असतो.

आधी रस्त्यावरचं थोडक्यात. मागे लाल-निळे दिवे लागले की उजवीकडे शोल्डरला घ्या, काच खाली, हात स्टिअरिंगवर, रात्र असेल तर आतला लाइट लावा. गाडीतून उतरू नका! आपल्याकडे मामांनी अडवलं की आपण उतरून गाडी साइडला लावून कागद घेऊन त्यांच्याकडे जातो, इथे तसं केलंत तर कॉप एकदम सावध होतो. कागद काढायला ग्लोव्ह बॉक्समध्ये हात घालायचा असेल तर आधी सांगा. किती स्पीडने चालला होतास माहितीये का असं तो विचारेल, त्यावर प्रामाणिकपणाचा झटका येऊन आकडा सांगू नका, तो तिकिटाच्या नोट्समध्ये जातो, आणि वादही घालू नका, वाद कोर्टात. बाकी चिरीमिरीचा विचार गमतीतही तोंडातून काढायचा नाही, तो इथे स्वतंत्र मोठा गुन्हा आहे.

मग घरी येऊन तिकीट नीट वाचा. खटला ज्या गावात घटना घडली त्या गावाच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो, तुम्ही राहता त्या गावात नाही, टर्नपाइकवर (टोलच्या हायवेवर) ट्रूपरने, म्हणजे राज्याच्या पोलिसाने, पकडलं तरी तसंच. कोर्टात हजर राहणं आवश्यक असा बॉक्स असतो, तो टिक केलेला असेल तर ऑनलाइन पैसे भरून सुटका नाहीच, जावं लागतं. टिक नसेल तर तारखेच्या बरंच आधी कोर्टाच्या क्लार्कला कळवायचं की मी नॉट गिल्टी प्लीड करतोय. ह्या शब्दाला लोक उगाच घाबरतात. नॉट गिल्टी म्हणजे तुम्ही खोटं बोलताय किंवा पोलिसाला खोटं ठरवताय असं नाही, त्याचा अर्थ एवढाच की सरकारने सिद्ध करावं आणि तोवर मला बोलायचंय. तारीख जमत नसेल, इंडिया ट्रिप असेल तर लेखी पुढची तारीख मागा, पहिल्यांदा बहुतेक देतात. पण काहीच न करता गप्प बसायचं हा पर्याय नाही. आधी नोटीस येते, मग लायसन्स सस्पेंड होतं, वॉरंटसुद्धा निघू शकतं आणि ते पुढच्या ट्रॅफिक स्टॉपला कळतं, मुलं मागच्या सीटवर असताना.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलंय. पण इथलं म्युनिसिपल कोर्ट म्हणजे टाऊनच्या बिल्डिंगमधला एक हॉल, बऱ्याचदा पोलीस स्टेशनच्या शेजारीच, पन्नास माणसं तिकीट हातात घेऊन बसलेली. आणि २०२० नंतर बऱ्याच कोर्टांत हे सगळं झूमवर होतं, तुमच्या नोटिशीत काय लिहिलंय ते बघा. झूम असेल तर नाव नीट लिहा, तिकीट नंबर समोर ठेवा, कॉलरचा शर्ट घाला, आणि कृपा करून गाडी चालवताना जॉइन होऊ नका, लोक ट्रॅफिकच्या केसला गाडी चालवत जॉइन होतात, काय बोलणार. रेकॉर्डिंग करायचं नाही. इंग्लिशचं टेन्शन असेल, आई-बाबांचं तिकीट असेल, तर दुभाषी फुकट मिळतो, मात्र आधी कळवावं लागतं, आणि मराठी पाहिजे असं स्पष्ट सांगा, नाहीतर समोर हिंदीवाला येतो.

आता खरी गोष्ट. जज बोलवायच्या आधी तुमची गाठ पडते म्युनिसिपल प्रॉसिक्युटरशी. हा सरकारचा वकील, तुमचा नाही, पण त्याच्यासमोर ढीगभर तिकिटं असतात आणि प्रत्येकाची ट्रायल चालवायला त्यालाही वेळ नसतो. म्हणून तो ऑफर देतो. काही प्रकारच्या तिकिटांना तर हे कोर्टात न जाता ऑनलाइनही होतं, ज्युडिशियरीच्या साइटवर म्युनिसिपल केस रिझोल्युशन म्हणून सोय आहे, तिथे तुम्ही तुमचं म्हणणं टाकायचं, प्रॉसिक्युटर बघून ऑफर पाठवतो, तुम्ही घ्या किंवा नाकारा, नाकारलं तर केस कोर्टात उभी आहेच. बोलायचं कसं, तर रडगाणं नको. मुलाला डे-केअरमधून घ्यायचं होतं, जीपीएसने चुकवलं, सगळेच तेवढ्या स्पीडने चालले होते, हे त्याने सकाळपासून खूप जणांकडून ऐकलेलं असतं. सरळ म्हणा, सर माझा रेकॉर्ड क्लीन आहे, नो-पॉइंट काही होऊ शकेल का. बस. त्याच्या हातात तुमचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे ड्रायव्हिंगचा इतिहास, असतंच, त्यामुळे फेकाफेक चालत नाही.

आणि तो बहुतेकदा जे देतो त्याला सगळे नुसतं अनसेफ म्हणतात. कलम ३९:४-९७.२, अनसेफ ऑपरेशन. हे कलम २००० साली आलं आणि ह्याची खासियत म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या वेळी शून्य पॉइंट, लायसन्सवरही नाही आणि इन्शुरन्सचे जे वेगळे एलिजिबिलिटी पॉइंट असतात तेही नाही. फुकट मात्र नाही. पहिल्या वेळी दंड ५० ते १५०, दुसऱ्या वेळी १०० ते २५०, आणि त्याच्यावर सरसकट २५० डॉलरचा सरचार्ज, वर कोर्ट कॉस्ट. म्हणजे ९५ डॉलरचं तिकीट साडेतीनशे-चारशेच्या घरात जातं. हे ऐकून काही जण तिथेच भडकतात की हा तर धंदा आहे. असेलही, पण पुढच्या तीन वर्षांचा इन्शुरन्स धरला तर ४ पॉइंटच्या तिकिटाला हा सौदा वाईट नाही. पैसे एकदम जमत नसतील तर हप्ते मागता येतात, लाजू नका.

ऑफर मान्य केली की जजसमोर उभं राहायचं. जज शपथ देतो आणि विचारतो की त्या दिवशी अमुक रस्त्यावर तुम्ही गाडी चालवत होता का, आणि ती अशी चालवली का की त्यामुळे दुसऱ्याला धोका होऊ शकला असता. इथे हो म्हणायचं असतं, स्वच्छ. आपले लोक नेमके इथे घोटाळा करतात, म्हणजे हो पण अ‍ॅक्च्युअली रस्ता रिकामा होता वगैरे सुरू करतात, आणि जज म्हणतो मग मी ही प्ली (कबुली) घेऊ शकत नाही, ट्रायलला या. प्रॉसिक्युटरने मान्य केलं तरी शेवटचा शब्द जजचा असतो हे लक्षात ठेवा. मागच्या पाच वर्षांत अनसेफ घेतलंय का हेही निघतंच.

ते पाच वर्षांचं प्रकरण महत्त्वाचं आहे. आधीच्या अनसेफपासून पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा अनसेफ झालं तर ४ पॉइंट लागतात आणि दंड २०० ते ५००, शिवाय सरचार्ज आहेच, म्हणजे घेऊन काही फायदाच नाही. त्यामुळे माझं मत असं की अनसेफ जपून वापरा. आमच्या ओळखीतल्या एकाने ८-९ मैल वरच्या किरकोळ तिकिटांना दोन्ही वेळा अनसेफ घेतलं आणि मग रूट २८७ वर वीसच्या वर सापडला, तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं. रेकॉर्ड कोरा असेल आणि तिकीट २ पॉइंटचं असेल तर सरळ इन्शुरन्स एजंटला विचारा की ह्याने माझा प्रीमियम किती हलेल, काही वेळा उत्तर इतकं कमी येतं की २ पॉइंट पचवणं स्वस्त पडतं. कारण पॉइंट कायमचे नसतात, वर्षभर काही व्हायोलेशन किंवा सस्पेन्शन नसेल तर ३ कमी होतात, आणि डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा मान्यताप्राप्त कोर्स केला तर २ कमी होतात, हा फायदा पाच वर्षांतून एकदाच. कोर्स ऑनलाइनही होतो, कंटाळवाणा आहे पण इन्शुरन्सलाही तीन वर्षं सवलत द्यावी लागते, म्हणून करा. पॉइंट लागायच्या आधी केला तर मात्र ते २ पुढच्यासाठी शिलकीत राहत नाहीत, शून्याखाली काही जात नाही. आणि पॉइंट गेले तरी व्हायोलेशनची नोंद अ‍ॅबस्ट्रॅक्टवर दिसत राहते, ती पुसली जात नाही.

लढायचंच असेल, खरंच तुमची बाजू बरोबर असेल, तर प्रॉसिक्युटरकडे लेखी डिस्कव्हरी मागा, पोलिसाच्या नोट्स, रडारच्या तपासणीचे कागद, डॅशकॅम किंवा बॉडीकॅमचं फुटेज. ज्युरी वगैरे नसते, एकटा जज ठरवतो. पोलीस आला नाही की केस उडते हे व्हॉट्सअ‍ॅप ज्ञान आहे, बहुतेकदा पुढची तारीख पडते आणि तुमची अजून एक सुट्टी जाते. निकाल पटला नाही तर २० दिवसांत सुपिरिअर कोर्टात अपील करता येतं, पण २ पॉइंटसाठी कोणी करू नये.

अ‍ॅक्सिडेंट झाला असेल आणि त्यात तिकीट मिळालं असेल तर अजून एक गोष्ट, जी ह्या भागात कोणीच सांगत नाही. गिल्टी प्लीड करताना सिव्हिल रिझर्व्हेशन मागा. म्हणजे तुमची ही कबुली उद्या समोरच्याने नुकसानभरपाईचा दावा लावला तर त्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. जजला नुसतं विथ सिव्हिल रिझर्व्हेशन एवढं म्हणायचं. आपण विसरलात तर कोणी आठवण करून देत नाही.

तिकीट मिळाल्यावर आठवड्याभरात मेलबॉक्समध्ये वकिलांच्या पत्रांचा पाऊस पडतो, घाबरू नका, कोर्टाचे रेकॉर्ड पब्लिक असतात. साध्या २-४ पॉइंटच्या तिकिटाला, रेकॉर्ड चांगला असेल तर, वकील लागत नाही असं माझं मत. ३० मैलांच्या वरचं स्पीडिंग, रेकलेस, कोणाला इजा, इन्शुरन्स नसताना चालवणं, सस्पेंड लायसन्सवर चालवणं, प्रोबेशनरी (नवशिक्यांच्या तात्पुरत्या) लायसन्सवरची मुलं, ह्यात मात्र पैसे वाचवू नका, वकील घ्या. ट्रकचं सीडीएल लायसन्स असेल तर हा सगळा नो-पॉइंटचा मार्गच बंद आहे, फेडरल नियमाप्रमाणे सीडीएलवाल्याचं व्हायोलेशन असं लपवता येत नाही.

एचवन, ग्रीन कार्डवाल्यांचा ठरलेला प्रश्न, व्हिसाला त्रास होईल का. साध्या स्पीडिंगने नाही. पण दंडाची पावती आणि कोर्टाचा निकालाचा कागद स्कॅन करून कायम ठेवा, पुढे सिटिझनशिपचा फॉर्म भरताना तिकिटं आठवायला लागतात तेव्हा कोर्टाचं नाव आणि तारीख डोक्यातून गेलेली असते. दारू पिऊन चालवणं हे न्यू जर्सीत ट्रॅफिकचं व्हायोलेशन म्हणत असले तरी ते ह्या लेखातलं नाहीच, त्यात अटक झाली तर व्हिसा रद्द होऊ शकतो, तिथे ट्रॅफिक वकिलासोबत इमिग्रेशनचा वकीलही बघा.

आणि हो, हे सगळं न्यू जर्सीतल्या तिकिटाचं झालं. वीकेंडला न्यूयॉर्क सिटीत गेलात आणि तिथे मिळालं तर तिथल्या पाचही बरोंमध्ये (शहराच्या विभागांमध्ये) ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरो आहे, तिथे प्ली बार्गेनिंग, म्हणजे वर सांगितलेली ऑफरची तडजोड, हा प्रकारच नाही, एक तर गिल्टी नाहीतर सुनावणी. आणि दुसऱ्या राज्यातल्या मूव्हिंग व्हायोलेशनचे (चालत्या गाडीच्या नियमभंगाचे) न्यू जर्सी तुम्हाला २ पॉइंट लावते, मग तिथे ते कितीही पॉइंटचं असो. त्यामुळे हॉलंड टनेल ओलांडली की पाय जरा हलकाच ठेवा.