ट्रान्समिशन कूलर घेताना आधी कन्व्हर्टर बघा
१९६९ च्या शेव्हेलसारख्या गाडीत टर्बो ४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर त्याचं तेल थंड ठेवणारा कूलर निवडताना हॉर्सपॉवरच्या आकड्याआधी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) बघा. सगळ्यात जास्त उष्णता तिथेच तयार होते. स्टॉल स्पीड (गाडी ब्रेकवर धरलेली असताना कन्व्हर्टर इंजिनला जितकं फिरू देतो तो वेग) जितका जास्त, तितकं तेल तापतं. रेडिएटरच्या टाकीतला मूळ कूलर साध्या फिरण्याला पुरतो. हाय-स्टॉल कन्व्हर्टर बसवलात, तर मात्र वेगळा स्टॅक्ड-प्लेट (एकावर एक रचलेल्या पातळ प्लेट्सचा) कूलर लावाच, तोही रेडिएटरपुढे, थेट वारा लागेल असा. गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या पॅनमध्ये तापमानाचा सेन्सर हवाच. तेल ८०-९० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं की निश्चिंत. अधूनमधून गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल तपासायची पट्टी) काढून पांढऱ्या कापडावर टेकवा: लाल तेल तपकिरी दिसलं, जळका वास आला, तर तेल बदला आणि कूलर मोठा घ्या.