दोन ड्युट्यांच्या मध्ये तीन मुलं

माझी थोरली 17 वर्षांची, मधला 15चा आणि धाकटी 13ची. मी परिचारिका आहे, महिन्यातल्या सात-आठ रात्री वॉर्डात जातात. नवऱ्याची नोकरी दिवसाची, पण घरी यायची वेळ नक्की नाही. या परिस्थितीत घर कसं चालवायचं हे आम्ही चुकत चुकत शिकलो. त्यातलं जे टिकलं तेवढंच सांगते.

वॉर्डात ड्युटी बदलताना हँडओव्हर असतो. कोणाला रात्री ताप आला, कोणाचं औषध द्यायचं राहिलं, कोणावर नजर ठेवायची, हे जाणारी येणारीला सांगून मगच निघते. सांगायचं राहिलं की रुग्णाला वाटतं सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत कोणालाच नसतं. इतकी वर्षं मी हे काम चोख केलं. घरात मात्र हँडओव्हर नव्हता.

दोन वर्षांपूर्वी धाकटीचं पोट दर गुरुवारी सकाळी दुखायला लागलं. हे तिच्या बाबांना माहीत होतं, कारण सकाळी घरी ते असायचे. धुवायच्या कपड्यांत तिचे खेळाचे कपडे येत नाहीत, हे मला दिसलं होतं, कारण मशीन तेव्हा मी लावायचे. गुरुवारी तिचा खेळाचा तास असतो. काही मुली तिच्या शरीरावरून बोलत होत्या म्हणून ती तो तास टाळत होती. अर्धी गोष्ट त्यांच्याकडे, अर्धी माझ्याकडे, आणि दोन्ही अर्धं एकत्र यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे तिने एकटीने काढले, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून आम्ही रोज पाच मिनिटं हँडओव्हर करतो. समोरासमोर जमलं तर उत्तम, नाहीतर फोनवर. प्रत्येक मुलाबद्दल तीनच गोष्टी: झोप कशी झाली, आज काही वेगळं दिसलं का, उद्या काय आहे. मार्क, पसारा आणि तक्रारी यात आणायच्या नाहीत. त्या आल्या की पाच मिनिटांचं भांडण होतं आणि दुसऱ्या दिवशी कोणी बसायला तयार नसतं. बारीकसारीक वाटलं तरी सांगायचं. ‘आज तो दार लावून बसला होता’ एवढंसुद्धा पुरतं.

एक अडचण लगेच आली. मधला म्हणाला, ‘तुला सांगितलेलं बाबांना कसं कळलं?’ त्याचं बरोबर होतं. आता मी आधी विचारते, ‘हे बाबांना सांगू का?’ नको म्हणाला तर नाही सांगत. जिवाला धोका असेल तिथे मात्र ही सूट नाही, आणि ते तिघांनाही आधीच सांगून ठेवलं आहे.

तारखांचं वेगळं. माझ्या ड्युट्या लागल्या की त्याच संध्याकाळी आम्ही पाचही जण कॅलेंडर घेऊन बसतो. परीक्षा, सामने, दवाखाना, सगळं लिहितो. प्रत्येक मुलाने महिन्यातली एक तारीख निवडायची. त्या दिवशी आमच्यापैकी एकजण काहीही झालं तरी हजर. सगळीकडे मी पोचू शकत नाही, आणि पूर्वी ‘बघते, जमवते’ म्हणून मी तिघांनाही लटकत ठेवायचे. त्यापेक्षा आधीच दिलेला नकार मुलं सहज पचवतात. शिवाय तारीख लवकर कळली की ड्युटी बदलून मागता येते. आदल्या दिवशी मागितली तर सहकारी तरी कुठून देणार?

वेळ किती देता यापेक्षा कधी देता हे या वयात जास्त मोलाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरतं. या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते, पण लवकर डोळा लागत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका असं सुचवलं. शाळेची वेळ माझ्या हातात नाही, स्वतःची आहे. संध्याकाळी सहाला ‘काय झालं आज?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही.’ रात्री दहानंतर तेच मूल येऊन कपाटाला टेकून उभं राहतं. म्हणून ज्या रात्री घरी असते त्या रात्री दहानंतर मी कपड्यांच्या घड्या घालत बसते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. हात कामात असले, नजर नजरेला भिडत नसली की मुलं मोकळी बोलतात. मी प्रश्न विचारत नाही. कितीही रंगलं तरी अकराला उठायचं, नाहीतर त्यांचीच झोप जाते.

कामं वाटताना ‘मदत कर’ म्हणू नका, पूर्ण काम सोपवा. कपडे मधल्याचे, म्हणजे धुण्यापासून कपाटात जाईपर्यंत. मशीन आता तोच लावतो, आणि कोणाचे कपडे आले नाहीत हेही तोच सांगतो. इथे मी एक मोठी चूक केली होती. माझ्या रात्रीच्या ड्युटीला थोरलीला मी नकळत धाकट्यांची आई करून टाकलं. त्यांचा अभ्यास, त्यांची भांडणं, सगळं तिच्यावर. परीक्षेच्या वर्षात एका रात्री ती रडली तेव्हा कळलं. मी तिची माफी मागितली, दोघांना समोर बसवून सांगितलं की तुमची जबाबदारी ताईवर नाही, आणि रात्रीच्या ड्युट्या बाबा लवकर येऊ शकतील अशा दिवशी मागून घेतल्या.

झोप, भूक किंवा मन दोन आठवडे बिघडलेलं राहिलं तर वयाचा भाग म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

ड्युटीवर असताना मला फोन घेता येत नाही. म्हणून आमचा एक शब्द ठरला आहे: ‘आत्ता’. मेसेजमध्ये एवढंच आलं की मी रुग्ण सहकाऱ्याकडे सोपवून बाहेर येते आणि फोन लावते. बाकी सगळं ड्युटी संपेपर्यंत थांबतं. दोन वर्षांत हा शब्द चार वेळा आला. त्यातला एक नुसता किल्ली हरवल्याचा होता. तेव्हाही मी रागावले नाही. रागावले असते तर पाचव्या वेळी मेसेज आलाच नसता.