सोलर हीटरच्या लाईनचा एक जॉईंट जोडला की बाजूचा सुटायचा

मानेवाड्याला आमच्या गच्चीवर सोलर हीटरची लाईन तांब्याची आहे, १५ एमएमची. तिथे टी (तीन तोंडांचं फिटिंग) आणि एल्बो (वळणाचं फिटिंग) यांच्यामधे दोन बोटं पण जागा नाही, आणि एल्बो गळून राहिला होता. मी एल्बोला सोल्डर करायचो, म्हणजे मऊ धातूची तार वितळवून सांधा भरायचो, तेवढ्यात टीची राखाडी कड एकदम चमकायला लागायची, म्हणजे तिथला सोल्डर परत वितळला, आणि पाणी सोडलं की आता टीतून टपटप. दोनदा असंच झालं, खूप वैताग आला.

मग इतवारीतल्या हार्डवेअरवाल्या काकांनी सांगितलं, "भाऊ, जवळचे जॉईंट वेगवेगळे करूच नको, एकाच तापात कर."

लाईन पूर्ण रिकामी केली, नळ उघडा ठेवला. हे फार महत्त्वाचं आहे कारण आत पाणी राहिलं तर पाईप १०० डिग्रीच्या वर जातच नाही आणि बिनशिशाचा सोल्डर साधारण २२७ ला वितळायला लागतो. दोन्ही जॉईंट खोलून पाईपची टोकं अन् फिटिंगची आतली बाजू गुलाबी चमक येईस्तोवर पॉलिश पेपरने घासली, फ्लक्स (सोल्डर नीट पसरावा म्हणून लावायची पेस्ट) लावून सगळं बसवलं. वरच्या जुन्या जॉईंटचा सोल्डर वितळू नये म्हणून त्याला ओलं सुती फडकं गुंडाळलं. ज्योत फिटिंगवर धरली आणि सोल्डरची तार उलट्या बाजूने टेकवली, तर ती सर्रकन आत ओढली गेली, बघतच राहिलो! जॉईंटला दीडेक सेंटीमीटर तार पुरते, जास्त घातली तर नुसते थेंब लोंबतात. लगेच दुसरा जॉईंट, मग थंड होईस्तोवर हातच लावला नाही.

तीन आठवडे झाले, दोन्ही जॉईंट कोरडे आहेत.