मोतीबागचं नॅरोगेज डिझेल मॉडेलमध्ये उतरवताय? या चुका टाळा

नवी मंडळी नागपूरच्या मोतीबाग शेडचं नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळावरचं, डिझेल इंजिन मॉडेलमध्ये बनवायला घेतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो रंगाचा. निळा कुठला घेऊ, पट्टा किती रुंद ठेवू. रंगाचं सगळ्यात शेवटी बघा. आधी दोन गोष्टी कागदावर लिहा: इंजिन कुठल्या लाइनवर धावतंय आणि साल कोणतं आहे. हे लिहिल्याशिवाय मी कोणाच्या हाती करवत देत नाही.

"नॅरोगेज म्हणजे नॅरोगेज"

याच चुकीवर लोकांचा सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. माथेरान आणि दार्जिलिंगचे रूळ ६१० मिलिमीटरचे. मोतीबागची, म्हणजे सातपुड्याची नॅरोगेज, कालका-शिमला आणि आपली यवतमाळची शकुंतला ७६२ मिलिमीटरची. म्हणजे माथेरानचं एनडीएम-१ इंजिन नागपूरच्या इतवारी स्टेशनच्या फलाटाला लावलंत, तर ते त्या रुळावर उभंच राहू शकत नाही.

पण गेज जुळलं म्हणजे झालं, असंही नाही. शिमल्याकडचं झेडडीएम-३ आणि मोतीबागचं झेडडीएम-४ए ही दोन्ही इंजिनं चित्तरंजन कारखान्याची, दोन्ही ७०० अश्वशक्तीची, दोन्ही डिझेल-हायड्रॉलिक. फरक खाली आहे. झेडडीएम-३ ला चार धुरे, चारही ओढणारे. झेडडीएम-४ए ला सहा. प्रत्येक बोगीत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यात, दोन धुरे ओढणारे आणि बाहेरच्या टोकाला एक जास्तीचा, नुसता वजन पेलणारा. हलक्या रुळांवर दर धुऱ्यामागचा भार कमी व्हावा म्हणून तो दिला. हा धुरा वगळलात तर उरतं ते झेडडीएम-४ए नव्हे.

नागपूरच्या महाल भागातल्या एका पोरानं हे इंजिन बनवलं होतं. पितळी पत्र्याची बॉडी, एकेक रिव्हेट हातानं दाबून काढलेला. मेहनत खरीच होती. खाली मात्र एन गेजची, म्हणजे ९ मिलिमीटर रुळाची, चार धुऱ्यांची तयार चॅसी. मी टोकलं तर म्हणतो, "काका, डिझेल त डिझेलच असते. चाकं कोन मोजते?" पुढं एका प्रदर्शनात मोतीबाग शेडमधून निवृत्त झालेले एक फिटर आले. खाली वाकले, बॉडीकडं पाहिलंही नाही आणि विचारलं, "बाहेरचं चाक कुठं गेलं, बाबू?" ज्यानं उमेदीची वर्षं त्या बोग्यांखाली काढली, त्याची नजर दुसरीकडं जाणारच नाही.

दुरुस्ती करायला बसलो तेव्हा खरा घोळ कळला. तयार चॅसीवर बसावी म्हणून त्यानं बॉडीच आखूड कापली होती. जास्तीचा धुरा घालायला जागाच उरली नव्हती. महिन्यांची मेहनत बाजूला ठेवून बॉडी नव्यानं कापावी लागली. तयार चॅसीचा मोह मला समजतो, पण आधी चॅसी आणि मग तिच्या मापाचं इंजिन हा क्रमच उलटा आहे. मी आधी बाजूनं घेतलेल्या फोटोवरून बोगी काढतो, सहाही धुऱ्यांची अंतरं ठरवतो, आणि मगच मोटर शोधायला निघतो. बाहेरच्या धुऱ्याला उभ्या दिशेनं थोडी मोकळीक ठेवा, नाहीतर रूळ जरा उंचसखल असला की तो ओढणारी चाकं उचलून धरतो आणि इंजिन जागच्या जागी फिरत राहतं.

चुकीच्या रेल्वेची अक्षरं

नागपूरकरांकडून ही चूक व्हावी याचं मला जास्त वाईट वाटतं. नागपूर विभाग दोन आहेत. एक मध्य रेल्वेचा, दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. मुख्य स्टेशन मध्य रेल्वेकडं. इतवारी, मोतीबाग आणि तिथून पूर्वी निघणारी नॅरोगेज दुसऱ्या बाजूची. तरी लोक सरळ 'मरे' लिहून मोकळे होतात.

त्याहून जास्त दिसतं ते असं: लेआउटवर, म्हणजे मॉडेलच्या मांडणीवर, १९८५ सालचा देखावा आणि इंजिनावर 'दपूमरे'. ही रेल्वे कारभार पाहू लागली २००३ मध्ये. त्याआधी १९५५ पासून दक्षिण पूर्व रेल्वे, तिच्याआधी १९५२ पासून पूर्व रेल्वे, आणि तिच्याही आधी बंगाल नागपूर रेल्वे. एका अक्षरानं अठरा वर्षांची गफलत होते. अक्षरं चिकटवण्याआधी साल लिहिलेला कागद समोर ठेवा.

शकुंतलेचंही तसंच. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत होतं. त्याआधीच्या देखाव्यात तिथं डिझेल नको.

रूळ

एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ ला, ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात, म्हणून ९ मिलिमीटरचा एन गेज रूळ चालतो. पण त्याचे स्लीपर १:१६० चे असतात. बारीक, आखूड आणि दाटीनं बसवलेले. खालची जोडपट्टी कापून मी ते काढून टाकतो आणि लांब, जाड स्लीपर अंतरानं बसवतो. वेळ लागतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी निदान माती आणि गवतात ते झाकावेत.

इतवारीला शेजारी ब्रॉडगेज दाखवणार असाल तर आणखी एक अडचण. १६७६ मिलिमीटरचे एचओत सव्वाएकोणीस होतात आणि बाजारातला रूळ साडेसोळाचा. दोन्ही रूळ जवळजवळ टाकले की ब्रॉडगेज अंग चोरून बसल्यासारखं दिसतं. मी दोघांमध्ये मालधक्का किंवा झाडं ठेवतो.

थोडक्यात आणखी काही

त्याच ब्रॉडगेजवर डब्ल्यूडीएम-४ हे डिझेल इंजिन उभं करू नका. ती एकूण ७२ आली आणि मुगलसराय शेडची राहिली.

नागपूर-छिंदवाडा लाइनवर रामाकोना ते भिमालगोंदी हा घाट आहे. तिथं सपाट लेआउट करून 'छिंदवाडा लाइन' अशी पाटी लावू नका. सपाटच हवं असेल तर नागभीड लाइनवरची उमरेड-भिवापूरची बाजू घ्या.

छिंदवाडा लाइनची नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. २०१७ चा देखावा असेल तर नागभीडचीच गाडी दाखवा.

मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय २००२ पासून आहे. नागपुरात राहून परदेशी साइटवरच्या पुसट फोटोवरून डब्यांची मापं काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. परवानगी विचारा, टेप न्या आणि पायरीची उंची, बफरची उंची, खिडकीची रुंदी वहीत उतरवा. फोटो काढताना चौकटीत मोजपट्टी उभी धरा, म्हणजे राहिलेली मापं घरी बसून काढता येतात.