मोठं मांजर दत्तक देताना: आधी जाळी, मग बाकीचं

नसबंदी, जंतांचं औषध, रेबीज आणि ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) या लसी, त्यांचं कार्ड, उजेडातले फोटो. एवढं तुम्ही करालच. नव्या घरात आधीचं मांजर असेल तर एफआयव्ही आणि ल्युकेमिया या एका मांजराकडून दुसऱ्याला होणाऱ्या विषाणूंची रक्ततपासणीही करून घ्या.

आता खिडक्या-बाल्कनीची जाळी. घर दुसऱ्या मजल्यावर असो की बाराव्या, जाळी लागल्याशिवाय मांजर द्यायचं नाही. 'सगळीकडे जाळी आहे' असं मांजर घेणारे सगळेच फोनवर म्हणतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर हॉलची खिडकी असते. तुम्ही स्वतः जा आणि बाथरूमची खिडकी बघा. काचेच्या पट्ट्यांची ती छोटी खिडकी, तिथली एखादी पट्टी निघालेली असते. मग ड्राय बाल्कनी, मग एक्झॉस्ट फॅनचं भोक. घाबरलेलं मांजर पहिल्या रात्री नेमकं अशाच अंधाऱ्या, अरुंद जागेत शिरतं. ग्रिल म्हणजे जाळी नव्हे. गजांतून डोकं गेलं की अंगही जातं. डासांची फायबरची जाळी नखांनी फाटते. सरकती जाळी पंजाने सरकते, तिला कडी हवी. कबुतरांची नायलॉनची जाळी चालेल, पण चारही बाजूंनी ताणलेली, आणि खालच्या कडेला हूक जवळजवळ. मांजर तिथेच डोकं घालतं, म्हणून हाताने ढकलून बघा. 'रविवारी बसवतो' म्हणाले तर मांजर रविवारनंतर. व्हिडिओवर भागवू नका, बाथरूम त्यात कधीच नसतं.

गरीब स्वभावाच्या मांजराबाबत आणखी एक सांगून ठेवा. ते फिसकारत नाही, ओरबाडत नाही, म्हणून लोकांना वाटतं रुळलं. ते भीतीने गोठलेलं असतं. लगेच मुलांच्या मांडीवर देऊ नका. पहिला आठवडा एकच खोली, दार बंद, लपायला खोका, कोपऱ्यात लिटरचा (शी-शूच्या वाळूचा) डबा, खाणं-पाणी त्यापासून लांब. लिटर तुमच्याकडे होतं तेच, दोन-तीन इंच थर. खाणंही जुनंच, बदलायचं तर सात ते दहा दिवसांत हळूहळू, नाहीतर जुलाब. आणि हो, त्या खोलीला बाथरूम जोडलेलं असेल तर त्याची खिडकी पुन्हा बघा.

घरातलं फिनाइल बंद करायला लावा, मांजराला ते विषारी आहे. तापाची क्रोसिन कधीच द्यायची नाही, एका गोळीने मांजर मरू शकतं. लिलीची फुलं घरात नकोत. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. बोका लघवीला बसतोय पण होत नसेल तर त्याच तासाला दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही.

न्यायला प्लास्टिकचा कडक कॅरियर, वरून टॉवेल. निघण्याआधी तीन-चार तास खाणं नाही. दुचाकी नको, पिशवी तर नकोच. कॅरियर उघडायचा तो त्या बंद खोलीतच, बाथरूमचं दार लावून.

नंतर तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने फोन. जाळीचा फोटो मागवा. जमलं नाही तर मांजर परस्पर कुणाला न देता तुमच्याकडेच परत, हे कागदावर लिहून सही घ्या.