गल्लीत झाडे लावायची आहेत? आधी मे महिन्याचे पाणी ठरवा

वृक्षारोपणाचे फोटो जुलैत निघतात आणि रोपे मरतात मार्च-एप्रिलमध्ये. त्यामुळे गल्लीतली माणसे जमली की पहिला प्रश्न एकच: ऐन उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? ज्यांच्या दारासमोर झाड येईल, त्यांनीच ते पत्करावे. जितकी घरे 'हो' म्हणतील तितकीच झाडे लावा. आकडा छोटा दिसला तरी चालेल.

मग जागा. रस्त्याकडेला लावायचे तर नगरपालिकेची लेखी परवानगी घ्या आणि पाण्याची लाइन, गटार, केबल कुठून गेली आहे ते तेव्हाच विचारून घ्या. वर विजेच्या तारा असतील तर कांचन किंवा आपटा लावा, नाहीतर दर पावसाळ्याआधी शेंडा छाटला जाणार. मोकळ्या रस्त्याला कडुनिंब, करंज, ताम्हण, बहावा उत्तम. वड-पिंपळ मैदानात किंवा तळ्याकाठीच. भिंतीजवळ लावाल तर मुळे भिंत फोडतील. गुलमोहर दिसतो देखणा, पण मूळचा मादागास्करचा आणि लाकडाने ठिसूळ. वादळात फांद्या गाड्यांवर पडतात, म्हणून मी तो सुचवत नाही. घराच्या पश्चिमेला लावलेले झाड दुपारनंतरचे ऊन अडवते, हेही जागा ठरवताना ध्यानात असू द्या.

खड्डे मे महिन्यातच खणा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल. मुरूम असेल तर तीन फूट. ते काही दिवस उन्हात तापू द्या. भरताना पोयट्याची माती, एक-दोन घमेली कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड मिसळा.

दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावणी करा. रोपे कमरेपेक्षा उंच घ्या, कारण शेळ्या कुणाची वाट बघत नाहीत. पिशवी कापून काढा. ती तशीच ठेवून लावलेली रोपे आजही सर्रास दिसतात. गोल गुंडाळलेली मुळे हलक्या हाताने मोकळी करा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच खोड पुरा. माती पायाने दाबा, बांबूला सुतळीने सैलसर बांधा आणि त्याच दिवशी जाळी लावा.

खरे काम दिवाळीनंतरचे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा प्रत्येक रोपाला बादलीभर पाणी, मुरमाड जमिनीत त्याहून लवकर. पाणी संध्याकाळी, सावकाश, आळ्यात घाला. आळ्यात पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाळ्या लांबवा, म्हणजे मुळे खोल जातील. तीन उन्हाळे काढले की झाड बहुधा आपले आपण जगते.

पुढे धोका माणसांचाच. जाळी खोडात रुतण्याआधी काढा, पाट्यांचे खिळे ठोकू देऊ नका. पेव्हर ब्लॉक बसवायला ठेकेदार आला की खोडाभोवती मीटरभर माती उघडी ठेवायला सांगा. दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एवढे काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिला होता. त्या उघड्या मातीतून पावसाचे पाणी मुरते, नाहीतर ते सगळे गटारात जाते.

कुणी झाड तोडायला आले तर परवानगीचा कागद मागा. 1975 च्या राज्य कायद्यानुसार शहरी भागात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. तुमच्या गल्लीत असे एखादे आधीच उभे असेल, तर नव्या खड्ड्यांआधी त्याच्या बुंध्याभोवतीचा डांबर-सिमेंट फोडून घ्या.